पदरावरची स्कीम

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. मिलच्या कोपऱ्यात चिंध्या साठतात, तसे ते साठत जातात. रोज थोड्या पडतात, कोणाचं लक्ष नसतं, आणि एक दिवस दार उघडायला जावं तर दार उघडत नाही! माझं तेच झालंय. सुरतेतल्या एका फुटबॉल टीमचा मी मॅनेजर आहे, हे कळलं की लोक आधी हसतात आणि मग खुर्ची जवळ ओढतात. जुने मित्र तर बसायच्या आधीच म्हणतात, "सर, तो साडीचा सांगा."

साडीचा शेवटी. आधी बाकीचे ऐकून घ्या, नाहीतर साडी अंगावर बसणार नाही.

मी मुळात उधन्यातल्या मराठी शाळेत गणित शिकवतो. फुटबॉलशी माझा संबंध इतकाच, की वर्गाची काच फुटली की चेंडू जप्त करायचा. पण मध्यंतरी आमच्याकडच्या कापडवाल्या शेठ लोकांना फुटबॉलचं वेड लागलं. एकाने टीम काढली म्हणून दुसऱ्याने काढली. खेळाडूंना पगार, जर्सीवर मिलचं नाव, आपापसांत लीग. रमणीकभाई मागे कसे राहतील? पांडेसऱ्यात त्यांची साड्या छापायची मोठी मिल. त्यांनीही टीम काढली आणि कोच आणला थेट कोल्हापूरहून. शंकर पोवार. कोल्हापुरात फुटबॉल तालमीतून वाढतो, त्यामुळे पोरं त्यांना 'वस्ताद' म्हणायला लागली आणि तेच नाव पडलं.

अडचण एकच होती. वस्ताद बोलायचे कोल्हापुरी, खेळाडू बहुतेक धुळे-नंदुरबारकडचे म्हणून अहिराणी, आणि शेठ गुजराती. प्रॅक्टिसला कोण कोणाला काय म्हणतंय, याचा पत्ता नाही. शेवटी शेठनी मला बोलावणं धाडलं.

"सर, तमे तो त्रिकोण भणावो छो ने?"

"हो, शिकवतो. नववीला."

"बस! कोच पण आखो दिवस त्रिकोण-त्रिकोण करे छे. आजथी तमे मॅनेजर!"

* * *

वस्तादांची स्कीम खरोखरच त्रिकोणाची होती. बॉल ज्याच्याकडे असेल, त्याच्या दोन बाजूंना दोघांनी उभं राहायचं. याने त्याला द्यायचा, त्याने पुढच्याला, तोवर पहिल्याने नव्या कोपऱ्यात पोचायचं. असे त्रिकोण सरकवत सरकवत गोलपर्यंत जायचं. समोरच्याला कळतच नाही, कोणाला अडवावं!

पहिल्या दिवशी त्यांनी मैदानभर फक्की मारून त्रिकोण आखले. एखाद्या लग्नाच्या मांडवापुढे सुद्धा इतकी रांगोळी नसेल. पोरांना एकेका कोपऱ्यावर उभं केलं, तासभर समजावलं आणि विचारलं, "कुनाला काय शंका?"

हात वर झाला भटूचा. भटू आमचा सेंटर फॉरवर्ड. आधी कडोदऱ्याला लूम चालवायचा, आता फुटबॉलचा पगार घ्यायचा. पायात बॉल आला की तिघाचौघांना सहज गुंडाळायचा. असा गडी मी पुन्हा पाहिला नाही. त्याने सगळ्या रांगोळीवरून एकदा नजर फिरवली आणि शांतपणे विचारलं,

"वस्ताद, हाई समदं बरोबर शे. पन यामा गोल कठे शे?"

वस्तादांनी सगळं आखलं होतं. गोलपोस्ट आखायची राहिली होती!

* * *

तर भटू. त्याच्यात एक खोट होती आणि ती फार मोठी होती. तो पास द्यायचा नाही. कोणालाच नाही. कधीच नाही. गोलसमोर एकटा गुलाब मोकळा उभा असो, की अख्खी टीम हात वर करून ओरडत असो, भटू आपला मान खाली घालून गर्दीत घुसणार. कधी गोल व्हायचा, बहुतेक वेळा बॉल जायचा.

हा गुलाब म्हणजे आमचा विंगर. नुसतं वारं. बिचारा सीझनभर बाजूच्या लाइनवर धावायचा आणि बॉल न मिळता परत यायचा. त्याची बायको त्याला म्हणायची, की तुला एवढं पळायचंच असेल तर दूध तरी टाकत जा.

एकदा वस्तादांचा तोल गेला. "आरं भटू, का देत न्हाईस रं पास? काय बिघडतंय तुझं?"

भटू गंभीरपणे म्हणाला, "वस्ताद, मी कारखानामा एकले कातर दिधी. ती आजून परत उनी नही. मी बॉल दिधा त तो परत येई का?"

वस्ताद माझ्याकडे वळले. "सर, ह्यो गडी मला वेळेआधी म्हातारा करनार बघा."

गोल नेमका कोणामुळे होतो, यावर आमच्या टीममध्ये तेव्हापासून दोन पक्ष पडले. वस्ताद म्हणायचे, स्कीममुळे. खेळाडू कोणी का असेना, त्रिकोण बसला की गोल होणारच. शेठचा भाचा मितेश म्हणायचा, टॅलेंटमुळे. चांगला माल आणा, स्कीम लागतच नाही. भटू कोणत्याच पक्षात नव्हता. तो अधूनमधून गोल करायचा.

* * *

या मितेशने एमबीए केलेलं. तो कायम लॅपटॉप काखेत घेऊन फिरायचा आणि वस्तादांना 'अंकल' म्हणायचा. त्यातच सगळं आलं!

त्याने एक दिवस खेळाडूंसाठी खास बनियनं आणली. आत मशीन. कोण किती धावला, किती वेगाने धावला, सगळं लॅपटॉपवर दिसणार. "अंकल, डेटा कधी खोटं बोलत नाही," असं त्याने वस्तादांना ऐकवलं सुद्धा.

मॅच झाली. संध्याकाळी मितेश धावत मैदानात आला. हातात लॅपटॉप, डोळे विस्फारलेले. "अंकल, हा भटू काय चीज आहे! सगळ्यांपेक्षा डबल धावलाय. आणि स्पीड बघा, मोटरसायकलचा स्पीड! हाफ टाइमच्या आधी उधना दरवाजापर्यंत जाऊन आलाय!"

भटूला ते बनियन काखेत टोचत होतं, म्हणून त्याने ते मैदानाबाहेर उभ्या असलेल्या मित्राच्या रिक्षाला अडकवून ठेवलं होतं. मित्राला मध्येच भाडं मिळालं.

वस्तादांनी लॅपटॉपमध्ये डोकावून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "आनि एवढं जाऊन येऊनशान लेकाचा परत ऑफसाइडच!"

* * *

एक छोटासा मध्येच सांगून टाकतो. शेठ मनाने राजा माणूस. हाफ टाइमला खेळाडूंना लिंबूपाणी द्यायचं, हे त्यांना पटायचंच नाही. "मारा छोकरा भूखे रमे?" म्हणून ते गरमागरम लोचो, म्हणजे सुरतेचा तो वाफवलेला मऊ ढोकळा, पाठवायचे. वर तेल, वर शेव, वर कांदा. पोरंही खानदेशची, ताटाला नाही म्हणणारी नव्हेत.

पहिल्या हाफमध्ये आम्ही वाघ असायचो. दुसऱ्या हाफमध्ये समोरची टीम आमच्या बाजूने चालत जाऊन गोल करायची.

समोरच्या कोचने एकदा वस्तादांना विचारलं, "तुमची स्कीम नेमकी काय असते हो?"

"पहिल्या हाफात अटॅक," वस्ताद म्हणाले, "आनि दुसऱ्या हाफात पचन!"

* * *

मग मितेशने टॅलेंट आणलं. बाहेरून. फ्रान्सिस नावाचा फॉरवर्ड, मोठ्या क्लबकडून खेळलेला, केस मागे बांधलेले. माणूस वाईट नव्हता, पण त्याची एक अट होती. तो बॉलमागे धावणार नाही, बॉल त्याच्याकडे आला पाहिजे. "आय ॲम अ फिनिशर," तो म्हणायचा. म्हणजे काय ते भटूने मला विचारलं. मी सांगितलं, शेवटचं काम करणारा. भटू म्हणाला, मग बाकीचं काम संपेपर्यंत याने घरी थांबायला काय हरकत आहे?

आता विचार करा. पास आल्याशिवाय न हलणारा फ्रान्सिस आणि पास न देणारा भटू, दोघे शेजारीशेजारी!

ती मॅच पावसानंतरच्या चिखलात झाली. शिट्टी वाजली तेव्हा सगळ्यांच्या जर्स्या मातीने ओळखू येत नव्हत्या. रंग उतरून चड्डीवर आला होता. फ्रान्सिसची जर्सी मात्र घडीतून काढल्यासारखी. शेठ त्याच्याजवळ गेले. जर्सीचं टोक चिमटीत धरून उजेडात बघितलं, बोटाने घासलं. जन्म रंगात गेलेला माणूस!

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, कलर जराय गयो नथी. मने समजातुं नथी, कापड सारुं छे के माणस खराब छे?"

* * *

स्कीम आहे, टॅलेंट आहे, तरी गोल होईनात. वस्तादांच्या मनाने घेतलं की आपल्या खुणा समोरच्यांना कळतात. पोरं मैदानात हिंदीत ओरडायची, "पीछे दे", "बाजू में डाल". ते कोणालाही कळणार.

"सर, तुमच्या पोरांची ती भाषा हाय न्हवं घरातली? मला चार म्हैने झाले, निम्मी कळंना. समोरच्याला काय कळतीया!" असं म्हणून त्यांनी फर्मान काढलं. मैदानात फक्त अहिराणी. हिंदी बोलला तो बाहेर.

पोरं खूश. पुढच्या मॅचला नुसता गलका. "आठे दे!" "तठे जाय!" मलाही वाटलं, वस्तादांनी डोकं लढवलंय. गुलाब बॉल घेऊन सुसाट निघाला. भटू डावीकडून ओरडला, "आठे दे, आठे दे!" तेवढ्यात कोणीतरी उजवीकडून त्याहून मोठ्यांदा ओरडलं,

"आठे नको रे भो, तठे दे! तो मोकळा शे!"

गुलाबने विश्वासाने तिकडे पास दिला. तिकडे खरंच एकजण मोकळा होता. फक्त तो त्यांचा होता.

ओरडणारा त्यांचा गोलकीपर. गाव शिंदखेडा! पांडेसऱ्यात खानदेशी माणूस समोरच्या टीममध्ये नसेल, असं वस्तादांना वाटलं तरी कसं, हेच मला आजतागायत कळलेलं नाही. मॅच संपल्यावर तो गोलकीपर गुलाबचा लांबचा मेहुणा निघाला आणि दोघांनी एकत्र चहा घेतला.

* * *

आता साडी.

वस्ताद आपली स्कीम शेठच्या ऑफिसातल्या पांढऱ्या फळ्यावर काढायचे. सुंदर काढायचे. लाल त्रिकोण, निळे त्रिकोण, त्यातून वळणावळणाने जाणारे बाण, आणि वर चौकटीत गोलपोस्ट. कतारगामच्या टीमशी मॅच होती, तिच्यासाठी त्यांनी दोन दिवस बसून फळा भरला होता. पुसू नका, असं कोपऱ्यात लिहिलंही होतं.

कोणी पुसलं नाही. मिलचा डिझाइनवाला आत आला, त्याला वाटलं शेठनी नवीन नमुना पसंत करून ठेवलाय. त्याने फोटो काढला. शेठनी फोटो बघितला. "वाह! डिझाइन तो मस्त छे!" आठवड्याच्या आत स्कीम छापून बाजारात. अंगभर त्रिकोण, पदरावर बाण आणि गोलपोस्ट. अहो, काय खपली ती साडी! माझ्या बायकोने सुद्धा घेतली. मला न विचारता!

वस्तादांना यातलं काहीच माहीत नाही. मॅच सुरू झाली. आमचा त्रिकोण जिथे सरकायचा, तिथे कतारगामचे दोघे आधीच हजर. आम्ही इकडे वळलो, ते तिथे. आम्ही तिकडे वळलो, ते तिथेही. त्यांचा कोच बाकावर बसून सारखा मागे वळत होता. मागे पहिल्या रांगेत त्याची बायको बसलेली. तो वळायचा, तिच्याकडे टक लावून बघायचा, पुन्हा पुढे तोंड करून आपल्या पोरांना सूचना द्यायचा.

वस्ताद हळवे झाले. "बघा सर, ह्या वयात सुद्धा किती जीव हाय बायकोवर! न्हाईतर आमी."

थोड्या वेळाने ती बाई पाणी प्यायला उठली. पदर वाऱ्यावर पसरला. वस्तादांच्या हातातली बाटली खाली पडली.

"सर," ते माझा दंड धरून म्हणाले, "त्यो बायकोवर प्रेम करीत न्हाई. त्यो माझी स्कीम वाचतोय!"

* * *

त्या पराभवानंतर वस्ताद तावातावाने शेठकडे गेले. मी दुभाषा म्हणून मध्ये. शेठ शांत. म्हणाले, फिकर कशाला? दोन दिवसांत अख्ख्या मार्केटमध्ये कॉपी होईल, मग कोणाला कळतंय कोणाची स्कीम!

ते खरंच आहे. सुरतेत एकाची डिझाइन चालली, की दुसरा लगेच छापतो. पण चोरी म्हणू नये कोणी, म्हणून त्यालाही रीत आहे. छापायची फिल्म उलटी लावायची. डावीकडचं फूल उजवीकडे, उजवीकडचा मोर डावीकडे. झाली नवी डिझाइन! शेठ स्वतःही हेच करत आले होते आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं. कॉपी झाली म्हणजे उलट मान मिळाला, असंच ते समजायचे.

पण हरण्याचा मान त्यांना नको होता. मितेशने लॅपटॉप उघडला. बाहेरचा नवा कोच त्याच्या नजरेत होता. शेठनी मान खाली घालून निर्णय दिला. शेवटची मॅच कडोदऱ्याशी. जिंकलात तर वस्ताद राहतील. नाहीतर त्यांनी आपलं कोल्हापूर बघावं.

हे वस्तादांच्या भाषेत सांगायचं काम माझं होतं. आयुष्यात इतकं नकोसं भाषांतर मी कधी केलं नाही. वस्तादांची मुलगी माझ्याच वर्गात, नववीत. तिला नुकत्या मैत्रिणी मिळाल्या होत्या. आधी ती 'शिस्पेन्शिल' म्हणाली की वर्ग हसायचा, आता वर्गातली निम्मी पोरं तसंच म्हणायची.

"सर, हे तिसरं गाव झालं," वस्ताद म्हणाले. "मी कुठंबी जाईन. पन आता पोरीला दप्तर भर म्हनून सांगायचं धाडस न्हाई माझ्यात."

मला फार वाईट वाटलं. स्कीम बरोबर की चूक, ते मला कळत नव्हतं. माणूस जायला नको होता, एवढं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मात्र वस्ताद शाळेच्या फाटकात उभे. डोळ्यांत चमक. "सर, चला शेठकडं. मला एक साडी छापायचीया!"

* * *

बेत असा होता. आमच्या साड्या आता सगळ्या टीमा वाचतात. मग वाचू देत! नव्या साडीवर खोटी स्कीम छापायची. सगळे बाण डावीकडून गोलवर जाणारे. कडोदरावाले डावीकडे गर्दी करून बसतील, आणि आम्ही उजवीकडून जाऊ. तिकडे गुलाब मोकळा. शेठ ऐकून इतके हसले की त्यांना ठसका लागला. मॅच जिंकायची आणि वर साडी विकायची, असा बेत त्यांना आवडणार नाही तर कोणाला आवडेल? साडी छापली, बाजारात आली, खपायलाही लागली. पोरांना उजवीकडून जायची प्रॅक्टिस झाली. वस्ताद त्या आठवड्यात प्रथमच गाणं गुणगुणताना दिसले.

मॅचच्या दिवशी मैदान गच्च भरलेलं. पांडेसऱ्यातली घरंच्या घरं आलेली. आमच्या बाजूला बायका आमच्या साडीत. पदरावर बाण डावीकडे. झकास! मी समोरच्या बाजूला बघितलं. कडोदऱ्याच्या बायकाही आमच्याच साडीत. मी खूश. वस्तादांना कोपराने ढोसलं.

वस्ताद खूश नव्हते. त्यांचा चेहरा फक्कीसारखा पांढरा पडला होता.

"सर, नीट बघा."

मी चष्मा पुसून बघितलं. कडोदऱ्याच्या सगळ्या पदरांवर बाण उजवीकडे जात होते.

त्यांच्या शेठने आमच्या साडीची कॉपी मारली होती. रीतीप्रमाणे. फिल्म उलटी लावून! आमचा खोटा बेत उलटा झाला आणि खरा होऊन कडोदऱ्याला पोचला. त्यांचा कोच हसत हसत आपले खेळाडू मोजून आमच्या उजवीकडे उभे करत होता.

आता बदलायला वेळ नव्हता. शिट्टी तेवढी वाजायची बाकी होती. वस्ताद तसेच मैदानात गेले, भटूसमोर उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी जबरदस्त सांगणार. ते नुसते त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"आज काय सांगत न्हाई मी. जा. तुला वाटंल तसं खेळ."

आणि बाकावर येऊन बसले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची मुलगी बसली होती. तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही.

पहिला हाफ कोराच गेला. उजवीकडून जाईल त्याला कडोदरावाले खाऊन टाकायचे. मितेशने लॅपटॉपवर नव्या कोचचा फोटो उघडूनही ठेवला होता. हाफ टाइमला लोचो आला, आणि पोरांनी तो खाल्ला नाही. तेव्हा मला कळलं की काळजी फक्त मलाच नाही.

मॅच संपत आली आणि बॉल भटूकडे आला. कडोदऱ्याचे सगळे त्याच्यावर धावले. धावणारच! भटू पास देत नाही, हे सुरतेत शेंबड्या पोरालाही ठाऊक. भटूने मान खाली घातली. मी डोळे मिटायच्या बेतात होतो. आणि त्याने पास दिला.

गुलाबला! गुलाब इतका दचकला की क्षणभर त्याला बॉल कोणाचा तेच कळेना. मग त्याने परत भटूला दिला. तोवर भटू नव्या कोपऱ्यात. भटूने तिरका पुढे टाकला, जिथे फ्रान्सिस आल्या दिवसापासून उभा होता तिथे. फळ्यावरचा तोच लाल त्रिकोण, एका रेषेचा फरक नाही. फ्रान्सिसने नुसता पाय लावला. गोल!

मग काय झालं ते मला सरळ सांगता येणार नाही. सगळी टीम फ्रान्सिसच्या अंगावर, आणि त्याची जर्सी शेवटी एकदाची मळली. वस्तादांची मुलगी माझ्या वर्गात कधी ओरडली नसेल इतकी ओरडत होती. शेठनी मितेशचा लॅपटॉप स्वतःच्या हाताने मिटला. "कोच रहेशे," ते म्हणाले, आणि लगेच डिझाइनवाल्याला हाक मारून, आत्ताचा गोल नीट पाहिलास ना, म्हणून विचारायला लागले.

वस्ताद बाकावरून उठले. गर्दीतून वाट काढत भटूपाशी गेले. त्यांचे डोळे भरले होते आणि आवाज मात्र भांडणाचा.

"आरं, सीझनभर घसा फोडून सांगतोय, पास दे, पास दे! तवा एक दिला न्हाईस. आज कसा दिलास रं?"

भटू बूट काढत होता. त्याने वर बघितलं.

"वस्ताद, आज तुम्ही सांगंच नही ना!"